वाय-फाय ठरावीक वेळी तुटते: जॅमिंग आहे का हे कसे ओळखावे आणि त्यावर काय करावे

राउटर चालू असतो, फायबरचा दिवा हिरवा असतो, फोनवर वाय-फायच्या सगळ्या पट्ट्या दिसतात आणि तरीही जोडणी तुटते. थोड्या वेळाने ती आपोआप परत येते आणि पुन्हा तुटते. हा प्रकार दिवसाच्या ठरावीक वेळी किंवा आठवड्याच्या ठरावीक वारी घडू लागला की संशय जॅमरवर जातो. तो दर वेळी खोटा नसतो, पण बहुतेक वेळा घाईचा असतो. पुढील मांडणीसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतील किंवा नवी पेठेतील स्पर्धा परीक्षांची एखादी अभ्यासिका डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण एका मजल्यावर शंभरेक फोन, वरच्या मजल्यावर भाडेकरूंचे स्वतंत्र राउटर, खाली खाणावळ आणि पलीकडे परीक्षा केंद्र असलेली शाळा असे बहुतेक सगळे अडथळे तेथे एका आवारात सापडू शकतात.

जॅमिंग मुख्यतः दोन रीतींनी होते आणि त्या दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्या रीतीत कोणीतरी वाय-फायच्याच फ्रिक्वेन्सीवर नुसती रेडिओ-ऊर्जा ओततो, म्हणजे गोंगाट करतो. दुसऱ्या रीतीत ऊर्जा अगदी किरकोळ असते, पण आपल्याच ॲक्सेस पॉइंटच्या (वाय-फाय पसरवणाऱ्या राउटरच्या किंवा त्याला जोडलेल्या उपकरणाच्या) नावाने ‘जोडणी तोडा’ अशा आशयाच्या बनावट फ्रेम, म्हणजे वाय-फायचे छोटे संदेश, हवेत सोडल्या जातात. बनावट फ्रेमवर राउटरच्या सेटिंगमध्ये बऱ्यापैकी खात्रीचा इलाज आहे. गोंगाटावर तसा इलाज कोणत्याही सेटिंगमध्ये नाही. तेथे अंतर कमी करणे, केबल टाकणे आणि उगम शोधणे एवढेच हाती राहते. निदान न करता उपाय केले, तर गोंगाट होत असताना पासवर्ड बदलले जातात आणि बनावट फ्रेम येत असताना महागडे, जास्त अँटेनांचे राउटर विकत घेतले जातात. दोन्ही खर्च वाया जातात.

जे जॅमिंग नाही ते आधी वगळावे

सर्वांत आधी राउटर किती वेळ अखंड चालू आहे, हे त्याच्या सेटिंगच्या पानावर पाहावे. जोडणी तुटल्याच्या वेळेशी हा आकडा जुळला, तर राउटर स्वतःच बंद होऊन चालू होत आहे आणि दोष अडॅप्टरचा किंवा विजेचा आहे. त्यानंतर केबलने जोडलेल्या संगणकावरून एक पिंग (उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश) राउटरच्या स्थानिक पत्त्यावर आणि दुसरा बाहेरच्या पत्त्यावर चालू ठेवावा. केबलवरचा बाहेरचा पिंगही त्याच वेळी थांबत असेल, तर वाय-फायचा काही संबंध नाही आणि तक्रार इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे जायला हवी.

अभ्यासिकेत हमखास आढळणारे आणखी एक कारण म्हणजे पत्त्यांची टंचाई. साध्या राउटरकडे वाटण्यासाठी जास्तीत जास्त अडीचशेच्या आसपास स्थानिक पत्ते असतात, अनेकांत तर शंभरच राखलेले असतात, आणि एकदा दिलेला पत्ता बऱ्याचदा २४ तास अडकून राहतो. सकाळच्या तुकडीने घेतलेले पत्ते संध्याकाळच्या तुकडीला मिळत नाहीत. फोन जोडला जातो, पण इंटरनेट येत नाही. पत्त्याची मुदत दोन तासांवर आणली आणि साठा वाढवला की हा ‘जॅमर’ नाहीसा होतो.

गर्दी हे तिसरे कारण. २.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येत असली, तरी एकमेकांवर न येणारी चॅनेल नेहमीच्या मांडणीत १, ६ आणि ११ ही तीनच आहेत. कोणी हौसेने ३ किंवा ४ निवडतो, तेव्हा तो रिकामे चॅनेल मिळवत नाही, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी धडकतो. खाणावळीतला मायक्रोवेव्हही याच बँडमध्ये, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास गळती करतो. घरगुती धाटणीचा मायक्रोवेव्ह आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर साधारणपणे प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात, म्हणजे सुमारे १० मिलिसेकंद चालू आणि १० मिलिसेकंद बंद, असा धडधडतो. त्यामुळे जोडणी पूर्ण मरत नाही, नुसती रखडते, आणि हे जेवणाच्या वेळी घडते. राउटरच्या मागे यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लावली असेल, तर तीही काढून पाहावी. या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट सांडतो हे इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच्या तांत्रिक टिपणात मांडले आहे.

५ गिगाहर्ट्झवर चालणारे नेटवर्क एकदम मिनिटभर गायब होत असेल, तर राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याने ठेवलेल्या नोंदींत, ‘रडार’ असा उल्लेख शोधावा. या बँडचा काही भाग रडारबरोबर वाटून घ्यावा लागतो. रडारसारखे स्पंदन जाणवले की ॲक्सेस पॉइंटला ते चॅनेल सोडावे लागते, नव्या चॅनेलवर जाताना तेही रडारच्या वाट्यातले असेल तर आधी ६० सेकंद नुसते ऐकावे लागते, आणि सोडलेल्या चॅनेलवर ३० मिनिटे परतता येत नाही. चुकीच्या ओळखीमुळेही हे घडते. अशा ठिकाणी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ ही चॅनेल पक्की करून टाकावीत.

गोंगाट ओळखणे

वाय-फायचे प्रत्येक उपकरण बोलण्याआधी ऐकते. हवेत दुसऱ्या वाय-फायची फ्रेम ऐकू आली, तर २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर उणे ८२ डीबीएम (संकेताच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका संकेत क्षीण) इतक्या क्षीण संकेतालाही ते थांबते; वाय-फाय नसलेली कोणतीही ऊर्जा उणे ६२ डीबीएमच्या वर गेली, तरीही ते थांबते. याचा अर्थ असा, की जॅमरला प्रत्येक फ्रेम उद्ध्वस्त करावी लागत नाही. ॲक्सेस पॉइंटच्या कानाशी पुरेशी कुजबुज सतत चालू ठेवली, की तो सभ्यपणे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतो. हा सभ्यपणा जुन्या मानकात तर फारच महागात पडला होता: ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधलेली ही त्रुटी २००४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा एका साध्या वायरलेस कार्डानेही आसपासचे त्या पिढीचे नेटवर्क थांबवता येते हे स्पष्ट झाले.

निदानाची सर्वांत उपयोगी खूण येथेच आहे. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली घातलेल्या राउटरवर आणि कार्यालयीन दर्जाच्या बहुतेक ॲक्सेस पॉइंटवर चॅनेल किती टक्के वेळ व्यग्र होते, त्यातला किती वेळ वाय-फाय पाठवण्यात आणि किती ऐकण्यात गेला, हे वेगवेगळे दिसते. व्यग्रता ८० टक्के आणि पाठवणे-ऐकणे मिळून ७० टक्के असेल, तर ती गर्दी आहे. व्यग्रता ८० टक्के आणि पाठवणे-ऐकणे मिळून १० टक्के असेल, तर उरलेला वेळ वाय-फाय नसलेली एखादी गोष्ट खात आहे. त्याबरोबर गोंगाटाची पातळी पाहावी. शांत जागी ती उणे ९० ते उणे ९५ डीबीएमच्या दरम्यान असते. तुटण्याच्या वेळी ती उणे ७५ किंवा त्याहून वर चढत असेल आणि इतर वेळी खाली उतरत असेल, तर गोंगाटाचा पुरावा हाती आला. काही चिप हा आकडा खरा मोजत नाहीत, नेहमी एकच ठरावीक संख्या दाखवतात; म्हणून आकडा कधीच हलत नसेल तर त्यावर विसंबू नये.

फोनवरील वाय-फाय ॲनालायझर या कामाला पुरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तो फक्त वाय-फायची नेटवर्क दाखवतो. जॅमर, मायक्रोवेव्ह किंवा व्हिडिओ बिनतारी पाठवणारे जुने ॲनालॉग उपकरण त्याला दिसतच नाही. संगणकाला लावायचा स्वस्त रेडिओ-ग्राहक, म्हणजे आरटीएल-एसडीआर डोंगलही येथे निरुपयोगी आहे, कारण त्याची धाव सुमारे १.७ गिगाहर्ट्झपर्यंतच आहे. ६ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचणारे हॅकआरएफसारखे उपकरण कोणाकडून एका दिवसासाठी मिळाले, तर चित्र लगेच स्पष्ट होते: मायक्रोवेव्हचा डोंगर विजेच्या तालावर उठतो-बसतो, ब्लूटूथचे ठिपके सगळ्या बँडभर उड्या मारतात, आणि खरा जॅमर बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट पठार उभे करतो किंवा तितक्याच नियमितपणे झाडू मारत जातो.

बनावट फ्रेम ओळखणे

येथे लक्षणे निराळी असतात. गोंगाटाची पातळी जागच्या जागी असते, शेजारच्यांचे वाय-फाय त्याच चॅनेलवर सुरळीत चालते, आणि फक्त आपल्या नावाच्या नेटवर्कवरचे फोन एकदम सुटतात आणि लगेच परत जोडले जातात. मूळ वाय-फाय मानकात ‘जोडणी तोडा’ ही फ्रेम कोणी पाठवली हे तपासण्याची सोयच नव्हती. जॉन बेलार्डो आणि स्टीफन सॅव्हेज यांनी २००३ मध्ये हा हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला. आज ईएसपी ८२६६ या काहीशे रुपयांच्या पट्टीवर तयार प्रोग्राम चढवून कोणीही तो करू शकतो. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झवरील फोन शाबूत राहून फक्त २.४ वरचे सुटत असतील, तर अशा खेळण्याचा संशय बळावतो. ५ गिगाहर्ट्झवर हेच करणाऱ्या पट्ट्याही आता मिळतात, म्हणून उलट निष्कर्ष मात्र काढू नये.

खात्री करण्यासाठी मॉनिटर मोड (हवेतली प्रत्येक फ्रेम ऐकण्याची सोय) चालणारे वायरलेस कार्ड लॅपटॉपला लावून वायरशार्क या फ्रेम टिपणाऱ्या प्रोग्राममध्ये त्या चॅनेलची नोंद घ्यावी आणि व्यवस्थापन फ्रेमपैकी उपप्रकार १२ आणि उपप्रकार १०, म्हणजे जोडणी तोडण्याच्या, एवढ्याच गाळून पाहाव्यात. निरोगी नेटवर्कमध्येही त्या तुरळक दिसतात; सेकंदाला डझनावारी दिसणे हे निरोगी नाही. मग तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, फ्रेमवर नाव आपल्या ॲक्सेस पॉइंटचे असले तरी त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये ती पाठवल्याची नोंद आहे का. दुसरी, अनुक्रमांक: खऱ्या फ्रेमचे अनुक्रमांक ओळीने वाढत जातात, बनावट फ्रेमचे मध्येच भलतीकडे उडी मारतात. तिसरी, संकेताची ताकद: बीकन, म्हणजे ॲक्सेस पॉइंट आपली ओळख सांगत सतत पाठवत असलेली फ्रेम, उणे ५० डीबीएमवर येत असताना ‘जोडणी तोडा’ची फ्रेम उणे ७२ वर येत असेल, तर ती दुसऱ्याच जागेवरून येत आहे. फ्रेममध्ये तोडण्याचे कारण सांगणारा क्रमांक सतत ७ दिसत असेल तर तेही सूचक आहे, कारण या हल्ल्याचे सर्वाधिक वापरले जाणारे साधन, सेटिंग न बदलल्यास, तोच क्रमांक घालते.

एक गंभीर शक्यता येथे नोंदवावी लागते. असा हल्ला कित्येकदा त्रास देण्यासाठी होतच नाही; फोन परत जोडला जाताना होणारी हस्तांदोलनाची (किल्ली ठरवण्याची) देवाणघेवाण टिपून घ्यायची आणि पासवर्ड घरी बसून शोधायचा, हा हेतू असतो. दिवसातून एखाद-दोनदाच, काही सेकंदांपुरती तोडातोड होत असेल, तर त्रासापेक्षा चोरीचा विचार आधी करावा.

बनावट फ्रेमवरचा इलाज

इलाज २००९ मध्येच मानकात आला. राउटरमध्ये तो ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’, ‘पीएमएफ’, ‘एमएफपी’ किंवा ‘८०२.११ डब्ल्यू’ अशा नावाने सापडतो आणि त्याला बंद, ऐच्छिक आणि सक्तीचे अशा तीन स्थिती असतात. तो चालू असला की जोडणी तोडण्याच्या फ्रेमवर गुप्त किल्लीची मोहोर लागते आणि मोहोर नसलेली फ्रेम फोन फेकून देतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए ३ या वाय-फाय सुरक्षा पद्धतीत ही सोय सक्तीची आहे, त्यामुळे शक्य असेल तेथे नेटवर्क निव्वळ डब्ल्यूपीए ३ वर न्यावे. अँड्रॉइड १०, आयफोन ७ आणि विंडोज १० ची १९०३ आवृत्ती किंवा त्यानंतरची उपकरणे साधारणपणे त्यावर चालतात, जुन्या लॅपटॉपच्या कार्डांचा अपवाद सोडून.

जुने प्रिंटर आणि स्वस्त स्मार्ट प्लग येथे अडतात. त्यांच्यासाठी मुख्य नेटवर्क ‘ऐच्छिक’वर सैल सोडण्यापेक्षा त्यांना वेगळ्या नावाचे डब्ल्यूपीए २ नेटवर्क द्यावे आणि मुख्य नेटवर्क सक्तीवर ठेवावे. ‘ऐच्छिक’ स्थितीत जे उपकरण ही सोय मागत नाही ते पूर्वीइतकेच उघडे राहते. टीकेआयपी हा सांकेतिकीकरणाचा जुना पर्याय कोठेही चालू असेल तर तो बंद करावा. त्यात एका मिनिटात दोन बिघडलेली पाकिटे आली की ॲक्सेस पॉइंट स्वतःच ६० सेकंद मौन पाळतो, आणि हल्लेखोराला त्याहून अधिक काही नको असते.

अभ्यासिकेत पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो, आणि त्यामुळे एक खाच राहते. डब्ल्यूपीए २ मध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस हस्तांदोलन टिपून दुसऱ्याची किल्ली काढू शकतो, म्हणून मोहोर असूनही ती त्याच्यापुरती निरर्थक ठरते. डब्ल्यूपीए ३ मध्ये हे जमत नाही. मात्र सर्वांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेमची किल्ली सगळ्या जोडलेल्या फोनकडे एकच असते, त्यामुळे आतला माणूस तेवढी खोडी अजूनही काढू शकतो. प्रत्येक सदस्याला स्वतंत्र खाते देणारी एंटरप्राइझ पद्धत ही खाचही बुजवत नाही, पण बेशिस्त खाते बंद करण्याची सोय देते, आणि ती सोय मोठी आहे.

हा इलाज काय रोखत नाही, हेही माहीत असावे. जोडणी होण्याआधीच्या फ्रेम, तसेच ‘अमुक वेळ हवा राखून ठेवा’ असे सांगणाऱ्या नियंत्रण फ्रेम उघड्याच असतात. एका फ्रेममध्ये ३२,७६७ मायक्रोसेकंदांपर्यंत हवा राखता येते आणि ती पुन्हा पुन्हा पाठवली की इतर उपकरणे गप्प बसतात. चॅनेल बदलल्याचे खोटे सांगणाऱ्या बनावट बीकनवरचे संरक्षण मानकाच्या २०२० च्या आवृत्तीत आले आहे. राउटर आणि फोन दोन्ही नवे असतील तरच त्याचा लाभ मिळतो.

गोंगाटात तग धरणे

गोंगाट थांबवता येत नसेल, तर आपला संकेत त्याच्या वर ठेवावा लागतो. महत्त्वाचे असते ते फोनजवळ आणि ॲक्सेस पॉइंटजवळ संकेत गोंगाटापेक्षा किती वर आहे ते. मोकळ्या जागेत फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांतले अंतर निम्मे केले की संकेत ६ डेसिबलने वाढतो. म्हणून जिन्यात एक जोरकस राउटर लावण्यापेक्षा प्रत्येक खोलीत छतावर केबलने जोडलेला एक लहान ॲक्सेस पॉइंट लावणे अधिक उपयोगी ठरते. शक्ती वाढवून ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोठा होतो, फोनचा होत नाही. आणि जोडणीला दोघांचेही बोलणे लागते.

चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झवरून २० वर आणावी. रुंदी चौपट असली की गोळा होणारा पार्श्वभूमीचा गोंगाटही चौपट, म्हणजे ६ डेसिबल अधिक असतो. शिवाय अरुंद चॅनेलला बँडमधला स्वच्छ कोपरा शोधता येतो. येथे एका नेहमीच्या सल्ल्याशी माझा मतभेद आहे. गर्दीच्या जागी राउटरचे मंद डेटा-वेग बंद करावेत असे सांगितले जाते आणि गर्दीपुरते ते बरोबरच आहे, पण गोंगाट असताना तेच मंद वेग अखेरपर्यंत टिकतात. ते बंद केले तर जोडणी रखडण्याऐवजी सरळ तुटते. त्यानंतर बँड बदलावा. २०१८ च्या अधिसूचनेनंतर भारतात ५ गिगाहर्ट्झचा ६०५ मेगाहर्ट्झ इतका पट्टा परवान्याविना खुला आहे, तर २.४ मध्ये जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ आहेत. एवढा रुंद पट्टा एकाच वेळी झाकणे किरकोळ जॅमरला जड जाते, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत अधिक अडत असल्याने बाहेरचा गोंगाट आत कमी येतो.

जे जागचे हलत नाही ते केबलवर असावे: हजेरीचा संगणक, प्रिंटर आणि सर्वांत आधी सुरक्षा कॅमेरे. वाय-फायवरचा कॅमेरा जोडणी तुटली की नेमक्या त्याच क्षणांचे चित्रण पाठवू शकत नाही. पीओई केबलवरचा (त्याच केबलमधून वीज घेणारा) कॅमेरा आणि जागेवरच साठवण करणारा रेकॉर्डर यांना या हल्ल्याने काही होत नाही.

परीक्षेच्या दिवशी

शेजारच्या शाळेत मोठी परीक्षा असलेल्या दिवशी सकाळपासून सगळेच बंद पडत असेल, तर तो बहुधा अधिकृत जॅमर आहे. परीक्षा घेणाऱ्या वैधानिक संस्थांना केंद्र सरकारच्या परवानगीने कमी शक्तीचे जॅमर लावता येतात. त्यांचा रोख मोबाइलवर असतो, पण ब्लूटूथ आणि वाय-फायचे बँडही त्यांत येऊ शकतात. अनेक जण अशा दिवसासाठी सिमकार्डवर चालणारा राउटर राखून ठेवतात. तो येथे हमखास दगा देतो, कारण मोबाइलचा बँड सर्वांत आधी जातो. फायबर आणि त्याला जोडलेली लॅन केबल मात्र चालू राहतात. अभ्यासिकेत टेबलांच्या दोन रांगांना तरी लॅनचे सॉकेट द्यावेत आणि परीक्षांचे वेळापत्रक पाहून सदस्यांना आधी कळवावे. परवानगीचा जॅमर असल्यास केंद्रप्रमुखाला भेटून त्याचे तोंड आपल्या भिंतीकडून वळवता येईल का, एवढी विनंती करता येते.

तक्रार आणि पुरावा

परवानामुक्त बँडची एक अट अनेकांना ठाऊक नसते: त्यात कोणालाही व्यत्ययापासून संरक्षण मिळत नाही. शेजाऱ्याचा मान्यताप्राप्त राउटर किंवा मायक्रोवेव्ह त्रास देतो म्हणून सरकार दरबारी दाद मिळणार नाही. ते बोलून सोडवायचे. जॅमरची गोष्ट वेगळी आहे. सरकारची विशिष्ट परवानगी नसताना जॅमर वापरणे बेकायदेशीर आहे आणि खासगी व्यक्तींना तो विकत घेता येत नाही, हे दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. बनावट फ्रेमने नेटवर्क बंद पाडणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मधील ‘नेटवर्कमध्ये व्यत्यय’ आणि ‘प्रवेश नाकारणे’ या उपकलमांत बसते, आणि अप्रामाणिक हेतू असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यासाठी सायबर पोलीस ठाण्यात जावे. रेडिओ गोंगाटाचा माग काढणारी यंत्रणा दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे असते आणि तिचे मुंबईतील केंद्र बोरिवलीत गोराई रस्त्यावर आहे. जालन्याचे केंद्र मात्र उपग्रहांसाठी आहे. तेथे वाय-फायची तक्रार नेऊन उपयोग नाही.

उलट हल्ला करण्याचा मोह टाळावा. काही महाग कंट्रोलरमध्ये परक्या नेटवर्कला ‘रोखून धरण्याचे’ बटण असते. ते आतून याच बनावट फ्रेम पाठवते. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे वैयक्तिक हॉटस्पॉट अशा रीतीने बंद पाडल्याबद्दल मॅरियट कंपनीला २०१४ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाकडे सहा लाख डॉलर भरावे लागले.

तक्रारीबरोबर द्यायचा पुरावा साधा आहे. किमान दोन आठवड्यांची नोंदवही असावी, जिच्यात तुटण्याची आणि परत येण्याची वेळ, चॅनेल, गोंगाटाची पातळी आणि व्यग्रतेचे दोन्ही आकडे असतील. बनावट फ्रेमचा संशय असेल तर वायरशार्कची फाइल जशीच्या तशी ठेवावी, गाळलेली प्रत नव्हे, आणि नोंद घेणाऱ्या लॅपटॉपचे घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवलेले असावे. उगमाची दिशा हवी असेल, तर हल्ला चालू असताना लॅपटॉप घेऊन मजल्यामजल्यावर फिरावे आणि बनावट फ्रेमची ताकद प्रत्येक जागी लिहून घ्यावी. ती ज्या दाराशी सर्वाधिक भरते ते दार ठोठावण्याचे काम मात्र पोलिसांवर सोडावे.